स्टार अवॉर्ड्स फिक्स असतात का? सिंगापूरच्या चॅनल ८ च्या सोहळ्याबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सिंगापूरला येऊन वर्ष झालं, एप्रिल आला की ऑफिसमधले चायनीज कलीग्स चॅनल ८ या मँडरिन चॅनलच्या स्टार अवॉर्ड्सवरून तावातावाने बोलायला लागतात, आणि तुम्हाला कळत नाही की चॅनलने स्वतःच्याच सिरियल्सना आणि स्वतःच्याच कलाकारांना दिलेल्या अवॉर्डवरून एवढं काय भांडायचं, हे तर आपल्या झी मराठी अवॉर्ड्ससारखं घरच्या घरीच झालं ना, मग फिक्सच असणार. आणि शेवटी विचारलंय की विजेता कोण हे कॅमेरावाल्यांना वगैरे आधी माहीत असतं का.

मी लाइव्ह इव्हेंटच्या मल्टिकॅममधला, म्हणजे एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी शूट करणाऱ्या टीममधला माणूस. आधी मुंबईत अवॉर्ड फंक्शन्स केली, मग इकडे आलो आणि इकडेही पीसीआरमध्येच, म्हणजे शोच्या कंट्रोल रूममध्येच, बसलो. चॅनल ८ चालवणाऱ्या मीडियाकॉर्प कंपनीच्या पेरोलवर कधीच नव्हतो त्यामुळे मला कोणाची बाजू घ्यायची गरज नाही.

पहिलं उत्तर, हो, घरचंच आहे. आणि ते कोणी लपवतही नाही. पण फिक्सिंग तुम्ही चुकीच्या दिवशी शोधताय. अवॉर्डच्या रात्री ठरवण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसतं. जे काय ठरतं ते वर्ष-दीड वर्ष आधी, कास्टिंगच्या मीटिंगमध्ये ठरतं. कोणाला लीड दिला, कोणाला डबल रोल दिला, कोणाला आंधळीचा किंवा कॅन्सरचा किंवा चाळीस वर्षं म्हातारं होत जायचा रोल दिला, आणि कोणाला रात्री नऊचा स्लॉट दिला. एका चॅनलच्या मार्केटमध्ये नॉमिनेशन हे तिथेच अर्धं लिहून झालेलं असतं. नंतर ज्युरी कितीही प्रामाणिक असू दे, ती समोर आलेल्या रोलमधूनच निवडणार ना.

आता हे असं का झालं ते समजायला थोडा इतिहास लागतो, कंटाळा आला तर पुढचे दोन पॅरा सोडून द्या.

सिंगापूरमध्ये चायनीज लोक साधारण तीन चतुर्थांश, पण घराघरात बोलायची भाषा एक नव्हती. कोणी होक्किएन, कोणी तिओच्यू, कोणी कँटोनीज. सरकारने 1979 मध्ये मँडरिन बोला अशी मोहीम काढली आणि त्यानंतर टीव्हीवरून बोलीभाषा हळूहळू काढूनच टाकल्या, हाँगकाँगच्या कँटोनीज सिरियल्ससुद्धा मँडरिनमध्ये डब होऊन यायला लागल्या. आज्ज्यांची अक्षरशः पंचाईत झाली. त्याच काळात, 1982 पासून, इथल्या सरकारी ब्रॉडकास्टरने स्वतःचे मँडरिन ड्रामा बनवायला सुरुवात केली. म्हणजे चॅनल ८ चा ड्रामा हा नुसता टाइमपास कधीच नव्हता, वेगवेगळ्या बोलींच्या घरांना रात्री एका भाषेत बसवायचं काम त्याच्याकडे होतं. (2016 मध्ये उलटं चक्र फिरलं आणि ज्येष्ठांसाठी म्हणून सरकारच्याच पुढाकाराने होक्किएनमध्ये सिरियल आली, ती लोकांनी आवडीने बघितली. तर असो.)

आता ड्रामा बनवायचा तर स्टार लागतात, आणि एवढ्याशा देशात ते आणणार कुठून. म्हणून 1988 मध्ये स्टार सर्च नावाची टॅलेंट स्पर्धा काढली, पहिल्याच वर्षी झोई टे जिंकली आणि पुढे ती कॅल्डेकॉट हिलची राणी म्हणूनच ओळखली जायला लागली (कॅल्डेकॉट हिल म्हणजे जुना स्टुडिओ होता ती टेकडी, आता सगळा कारभार वन-नॉर्थच्या नव्या कॅम्पसमध्ये गेला). मग 1994 मध्ये या सरकारी ब्रॉडकास्टरचं कंपनीत रूपांतर झालं आणि त्याच वर्षी स्टार अवॉर्ड्स सुरू झाले. माझ्या मते हा योगायोग नाहीये. पगारी नोकर म्हणून ठेवलेल्या कलाकारांना स्टार म्हणून मिरवायला वर्षातून एक रात्र लागते, नाहीतर दुपारी फूड कोर्टमध्ये रांगेत उभा असलेला माणूस रात्री हिरो वाटत नाही हो. इथे तर नटनट्या खरंच तुमच्या पुढे-मागे चिकन राइसच्या लाइनीत दिसतात.

बरं, आता अवॉर्डची रचना. इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो कारण एकाच स्टेजवर दोन पूर्ण वेगळ्या स्पर्धा चालतात. एक भाग परफॉर्मन्सचा: बेस्ट अ‍ॅक्टर, बेस्ट अ‍ॅक्ट्रेस, सपोर्टिंग, बेस्ट ड्रामा, होस्ट वगैरे, हे परीक्षक ठरवतात. दुसरा भाग लोकप्रियतेचा: टॉप १० मोस्ट पॉप्युलर मेल आणि फीमेल आर्टिस्ट, हे जनता ठरवते. तुमचे कलीग्स भांडतात ते बहुतेक या दोन्हीची सरमिसळ करून. "अमकीला टॉप १० मिळालं मग बेस्ट अ‍ॅक्ट्रेस का नाही", अरे कारण मोजपट्टीच वेगळी आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे द लिटल न्योन्या. 2008 च्या शेवटी लागलेली 34 भागांची सिरियल, पेरानाकन (चिनी आणि स्थानिक मलय संस्कृती मिसळून झालेला समाज) घराण्यांची गोष्ट, जानेवारी 2009 मधल्या शेवटच्या भागाला साडेसोळा लाखांच्या वर प्रेक्षक होते असं चॅनलचं म्हणणं होतं, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या पन्नास लाखाच्या आत होती म्हणजे विचार करा. जेनेट ऑने त्यात आई आणि मुलगी असे दोन्ही रोल केले, आई मूकबधिर. कोणालाही विचारलं असतं तर बेस्ट अ‍ॅक्ट्रेस तिचंच असं म्हणाले असते. 2009 च्या स्टार अवॉर्ड्समध्ये ते अवॉर्ड त्याच सिरियलमधल्या जोआन पेला मिळालं. यावरून आजपर्यंत लोक बोलतात, आणि मी स्वतः दोन्ही रोल बघितलेत तर मला ज्युरीचं पटतं, कारण जोआनच्या पात्राची जी पडझड होत जाते ती टप्प्याटप्प्याने चढत जाते, आणि जेनेटला स्क्रिप्टने जवळजवळ पूर्ण वेळ सोशिकच ठेवलंय. पण माझं पटणं सोडा, मुद्दा हा की हे जर कोणी मार्केटिंगच्या हिशोबाने फिक्स केलं असतं तर असं केलंच नसतं, पोस्टरवरचा चेहरा सोडून दुसऱ्याला कोण देईल? त्याच वेळी हेही बघा की नाव दोघींचं एकाच सिरियलमधून आलं. ती सिरियल, ते बजेट, तो स्लॉट ज्यांना मिळाला नाही त्या नट्या त्या वर्षी शर्यतीत असूनही नव्हत्या. मी वर कास्टिंग कास्टिंग म्हणतोय ते हेच.

जेनेटचं पुढे काय वाईट झालं नाही, लोकप्रियतेतला सगळ्यात वरचा मान तिला मिळाला, नंतर चॅनल सोडून तिने बेकरी काढली, तिथे रांगा लागल्या.

हा वरचा मान म्हणजे ऑल-टाइम फेव्हरिट आर्टिस्ट, आणि या सगळ्या सोहळ्यातला मला सगळ्यात हुशार वाटणारा नियम हाच आहे. टॉप १० मध्ये दहा वेळा निवडून आलात की तुम्हाला ही कायमची ट्रॉफी देतात, आणि त्यानंतर तुम्ही टॉप १० च्या स्पर्धेतून बाहेर. झोई टे, ली नानशिंग, फॅन वाँग हे सगळे असे बाहेर गेले. सन्मानाने दार दाखवणं म्हणतात ते हे. नाहीतर छोट्या मार्केटमध्ये तेच दहा चेहरे वीस-वीस वर्षं तिथेच बसून राहिले असते आणि नवीन पोरांना जागाच झाली नसती. आपल्याकडे लोकप्रिय चेहरा अवॉर्डच्या स्पर्धेतून रिटायर करायची सोय कुठल्याच चॅनलने केलेली मला तरी दिसली नाही, करून बघायला हरकत नाही.

मतदानाचं गणित वेळोवेळी बदलत आलंय. बरीच वर्षं असं होतं की अर्धं वजन जनतेच्या मतांना आणि अर्धं वजन एका मार्केट रिसर्च सर्व्हेला, ज्यात सगळ्या वयोगटातले साधारण हजार लोक घेतात. हे अर्धं-अर्धं का ते पैशाकडे बघितलं की कळतं. मतं 1900 ने सुरू होणाऱ्या फोन लाइनवर द्यायची असायची, दर कॉलला पैसे लागायचे, म्हणजे ज्याचा फॅन क्लब श्रीमंत आणि चिवट त्याला फायदा. फॅन क्लबवाले अक्षरशः वर्गणी काढायचे. सर्व्हे असल्यामुळे ज्या काकू रोज सातची सिरियल बघतात पण फोन कधी लावत नाहीत त्यांचंही म्हणणं हिशोबात यायचं. नंतर ऑनलाइन मतदान आलं तरी मूळ प्रश्न तोच आहे, उत्साही शंभर लोक आणि गप्प बसलेले लाखभर लोक यांना एकाच तराजूत कसं तोलायचं. यावर फुलप्रूफ उपाय कोणाकडेच नाही, आपल्याकडेही नाही.

आणि मग स्पॉन्सरचे अवॉर्ड. इथे हसायचं असेल तर मनसोक्त हसा. लंडन चोको रोल हॅपिनेस अवॉर्ड नावाचं खरंच एक अवॉर्ड होतं, सिस्टेमा टूथब्रशवाल्यांचं चार्मिंग स्माइल अवॉर्ड होतं. नवीन माणसाला वाटतं की हा काय पांचटपणा, पण सोहळ्याचं बजेट बघितलेला माणूस यावर हसत नाही. लाइव्ह शोमध्ये सलग चार तास जाहिरात लावून चालत नाही, मग जाहिरातच ट्रॉफी बनून स्टेजवर येते. आपल्याकडे नाही का, अमुक तेल प्रस्तुत सुंदर केसांची नायिका, तमुक साडीवाल्यांची स्टाइल आयकॉन. झी मराठीने सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट कुटुंब, सर्वोत्कृष्ट जोडी असे जे प्रकार काढले ते थोडे वेगळे, त्यात प्रेक्षक पात्रांना मत देतो, नटांना नाही, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं कारण सिरियलचा प्रेक्षक खरंच पात्रालाच ओळखतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आधी माहीत असतं का. हा माझ्या कामाचा भाग म्हणून जरा नीट सांगतो.

चांगल्या लाइव्ह शोमध्ये क्रूला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. निकाल ऑडिटरकडे, लिफाफा तिथून थेट स्टेजवर. आमच्या रनडाउनमध्ये (शोच्या क्रमवार यादीत) विजेत्याच्या जागी नाव नसतं, फक्त "विनर वॉक, स्पीच, इतकी सेकंद" एवढं असतं. ग्राफिक्सवाला पाच नॉमिनी असतील तर पाचही नावांचे सुपर (स्क्रीनवर येणाऱ्या नावाच्या पट्ट्या) बनवून रांगेत लावून ठेवतो आणि नाव पुकारल्यावर त्यातला एक मारतो, म्हणून कधीकधी नाव उशिरा येतं, त्या दोन सेकंदांत तो बिचारा यादीत शोधत असतो. नॉमिनीजवर प्रत्येकी एक कॅमेरा लॉक करतो आणि पाच चौकटी एकत्र दाखवतो, नाव आलं की जिंकलेल्याचा क्लोज आणि लगेच हरलेल्यांपैकी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवणाऱ्याचा. हो, हे मुद्दाम करतो. रिहर्सलला नॉमिनींच्या खुर्च्यांवर त्यांच्या फोटोचे बोर्ड ठेवतात आणि ज्युनियर पोरं खोटी भाषणं ठोकतात, प्रत्येक नॉमिनीच्या खुर्चीपासून स्टेजपर्यंतचा रस्ता चालून बघतात.

लोक म्हणतात कडेच्या सीटवर बसवलं म्हणजे हाच जिंकणार. तसं नसतं. कडेला बसवतात कारण तिथे हँडहेल्ड कॅमेरा पोचतो, आणि मोठा चेहरा जिंको न जिंको त्याचे रिअ‍ॅक्शन शॉट रात्रभर लागतात. सीटिंगवरून अंदाज बांधणारे चुकतात ते म्हणूनच.

टॉप १० चा सेगमेंट मात्र स्विचरसाठी, म्हणजे कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र लावायचं ते बटणावर बदलणाऱ्यासाठी, छळ आहे. एका बाजूला साधारण वीस नॉमिनी, त्यातले दहा एकेक करून पुकारायचे, कुठल्याही क्रमाने. वीस लोकांवर वीस कॅमेरे कोणाकडेच नसतात. पहिली तीन-चार नावं मजेत जातात, मग उरलेल्यांच्या चेहऱ्यावर जे काही चालू होतं ते बघा, आणि दहावं नाव राहिलं की स्टेजवर नऊ जण हसत उभे आणि खाली अकरा जण हसायचा प्रयत्न करत बसलेले. सगळ्या रात्रीत खरा ड्रामा तेवढाच, आणि त्याला स्क्रिप्ट नाही.

आणि आता आपल्या अवॉर्ड्सशी सगळ्यात मोठा फरक, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. स्टार अवॉर्ड्स लाइव्ह जातात. मराठीत चॅनलचे सोहळे बहुतेक वेळा शूट होतात एका दिवशी आणि टीव्हीवर येतात कितीतरी दिवसांनी, कापून, जोडून, डान्सच्या आधी-मागे बसवून. रेकॉर्डेड शोमध्ये तुम्हाला दिसणारा आनंदाश्रूंचा शॉट तासाभरापूर्वीच्या कोणत्यातरी विनोदावरचा असू शकतो, खुर्च्या रिकाम्या झाल्या तर भरून परत घेता येतं, अडखळलेलं भाषण सरळ करता येतं, आणि टेलिकास्टच्या आधी सगळे विजेते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून झालेले असतात. मग प्रेक्षकाला फिक्स वाटतं यात त्याचा काय दोष? लाइव्हमध्ये यातलं काहीच करता येत नाही. भाषण लांबलं तर म्युझिक वाजवायचं किंवा पुढचं काहीतरी कापायचं, आणि स्टेजवर ग्वो लियांगसारखा होस्ट लागतो जो टॉकबॅकवर (कानातल्या इअरपीसवर) "अजून दीड मिनिट खेच" ऐकून चेहरा न बदलता दीड मिनिट खेचतो. असे होस्ट हाताच्या बोटावर मोजण्याइतके असतात, कोणत्याही भाषेत.

एकाच चॅनलचं राज्य असण्याबद्दल. मध्ये 2001 ला एसपीएच मीडियावर्क्स या प्रतिस्पर्धी कंपनीने चॅनल यू काढला होता आणि तीन-साडेतीन वर्षं खरीखुरी स्पर्धा झाली, कलाकार इकडून तिकडे गेले, मानधनं वाढली, व्हरायटी शो एकदम तरुण झाले. दोघांनाही परवडेना, 2004 च्या शेवटी ते प्रकरण मीडियाकॉर्पमध्ये विलीन झालं आणि परत एकच घर. तेव्हापासून स्टार अवॉर्ड्समध्ये स्पर्धा ही एका कंपनीच्या दोन डिपार्टमेंटमधली असते असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. तैवानचे गोल्डन बेल हे टीव्हीचे अवॉर्ड्स बघा, ते 1965 पासून आहेत, सरकारी व्यवस्थेतून चालतात, सगळी चॅनल्स एकमेकांविरुद्ध उतरतात, म्हणून त्याचं वजन वेगळं. क्रिस्टोफर ली हा नट, मूळचा मलेशियातल्या मलाक्काचा, करिअर सिंगापूरचं, त्याला 2014 मध्ये गोल्डन बेलमध्ये अभिनयाचं अवॉर्ड मिळालं तेव्हा इथे जो आनंद झाला तो त्यामुळेच, बाहेरच्यांनी दिलं ना. हाँगकाँगच्या टीव्हीबी चॅनलचे अ‍ॅनिव्हर्सरी अवॉर्ड्स, 1997 पासूनचे, ते परत घरच्यांपैकीच.

पण घरचं म्हणून हलकं असंही नाही. शे शाओग्वांग नावाचा नट होता, पाच वेळा बेस्ट अ‍ॅक्टर झाला, दिसायला अजिबात हिरो नाही, आणि ऐन भरात असताना इंडस्ट्री सोडून निघून गेला. त्याचं काम शोधून बघा. अशा चेहऱ्याला लीड द्यायची हिंमत कास्टिंगवाल्यांनी केली हीच मोठी गोष्ट, पाच ट्रॉफ्या मग आपोआप आल्या.

एक तक्रार माझ्या बिरादरीची. कॅमेरा, एडिटिंग, पटकथा, दिग्दर्शन यांची अवॉर्ड्स बहुतेक वर्षी मुख्य सोहळ्यातून वेगळी काढून आधी उरकतात, मुख्य रात्री फार तर एक छोटी व्हीटी, म्हणजे आधी बनवलेली क्लिप. प्रेक्षकाला स्क्रिप्ट रायटरचा चेहरा बघायचा नसतो हे मला धंदा म्हणून मान्य आहे, तरी ज्या चॅनलने काही वर्षं दोन-दोन रविवारी दोन भागात सोहळा केला त्याला वीस मिनिटं मिळत नाहीत हे पटत नाही.

आणि हो, मलय चॅनल सुरियाचा पेस्ता पेर्दाना आणि तमिळ चॅनल वसंतमचा प्रधान विळा हेही त्याच कंपनीचे सोहळे. भारतीय म्हणून तुम्हाला कोणी वसंतमचा पास देऊ केला तर नक्की जा, छोटा हॉल, जवळून बघायला मिळतं, तमिळ येत नसलं तरी चालतं.

स्टार अवॉर्ड्स समजून बघायचे असतील तर सोहळ्याच्या आधी एमईवॉचवर (मीडियाकॉर्पचं ऑनलाइन स्ट्रीमिंग) नॉमिनेट झालेल्यांपैकी दोन सिरियल्स बघून घ्या, इंग्रजी सबटायटल्स असतात. 2021 मध्ये, कोविडमुळे एक वर्ष खाडा झाल्यावर, सोहळा चांगी विमानतळावर केला होता, त्याचे व्हिडिओही बघा, स्टेज नसलेल्या जागी लाइव्ह शो कसा बसवतात ते कळेल. आणि ऑफिसात पैज लावणार असाल तर बेस्ट अ‍ॅक्टरवर लावा, त्या वर्षी सगळ्यात जास्त रडायचा रोल कोणाला दिला होता ते बघून. टॉप १० वर लावू नका, तिथे कोणाच्या फॅन क्लबने किती जोर लावलाय ते तुमच्या कलीग्सना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.